दारूच्या दुकानाचा परवाना आणि गावाचा कौल

उरण शहरात किंवा तालुक्यातल्या एखाद्या गावात दारूचे दुकान असावे की नसावे, याचा शेवटचा निर्णय उरण नगरपरिषद घेत नाही आणि ग्रामपंचायतही घेत नाही. महाराष्ट्रात हा अधिकार राज्य शासनाचा आहे. परवान्याच्या प्रकारानुसार जिल्हाधिकारी, राज्य उत्पादन शुल्क आयुक्त किंवा थेट शासन तो वापरते. रायगड जिल्ह्याचे जिल्हाधिकारी आणि उत्पादन शुल्क अधीक्षक बसतात अलिबागला. म्हणजे उरणच्या एखाद्या आळीतल्या दुकानाचा कागद करंजाची खाडी ओलांडून पलीकडे जातो आणि तिथून मंजूर होऊन परत येतो. तरीही स्थानिक लोकांच्या हातात काहीच नाही असे म्हणणे चूक ठरेल. कायद्याने त्यांच्या शब्दाला दोन ठिकाणी किंमत दिली आहे, एकदा परवान्याच्या आधी आणि एकदा परवान्यानंतर. हे दोन्ही शब्द नेमके कुठे आणि किती चालतात, हे ठाऊक नसल्यामुळे अनेक आंदोलने चुकीच्या दारावर धडका देत राहतात.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मादक पेये हा विषय राज्यसूचीत आहे. अनुच्छेद ४७ ने आरोग्याला घातक अशा पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व राज्यांना घालून दिले आहे. दारूचा धंदा करणे हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या खोडे डिस्टिलरीज खटल्यात स्पष्ट केले. महाराष्ट्रात आजही लागू असलेला कायदा १९४९ चा आहे. तेव्हा त्याचे नाव मुंबई दारूबंदी अधिनियम होते, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम आहे. नावात दारूबंदी आहे, कारण कायद्याचा पायाच बंदीचा आहे. दारू बनवणे, बाळगणे, विकणे, पिणे हे सारे मुळात मना आहे, आणि परवाना म्हणजे त्या मनाईतून दिलेली सूट. पिणाऱ्यालाही परवाना लागतो: विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत आणि आजीवन १,००० रुपयांत. व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, बिअरसाठी २१ ची. दुकानदाराचा परवाना ही सूट असल्यामुळे ती अटींवर मिळते, दरवर्षी ३१ मार्चपूर्वी तिचे नूतनीकरण करावे लागते आणि अट मोडली तर कलम ५४ खाली ती निलंबित किंवा रद्दही होते. ‘आमचा हक्क आहे’ हे वाक्य परवानाधारकाच्या तोंडी कायद्याने बसत नाही.

उरणला हा विषय नवा नाही. एकोणिसाव्या शतकात उरण हा पनवेल तालुक्याचा एक पेटा होता आणि मिठागरांइतकीच त्याची ओळख होती ती दारू गाळण्याच्या भट्ट्यांसाठी. मोहाच्या फुलांपासून गाळलेली दारू इथून समुद्रमार्गे मुंबईत जाई. हा व्यवसाय मुख्यतः पारशी मक्तेदारांच्या हाती होता आणि सरकारचा त्यात मोठा महसूल होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळणे आणि विकणे दोन्ही सरकारी ताब्यात आले. पुढे १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध घालणारा कायदा झाला. घरगुती दारू थांबावी हा त्यामागचा हेतू सांगितला गेला, पण त्याचा परिणाम असा की डोंगरातल्या कातकरी-ठाकरांना फुकट मिळणारी वस्तू मक्त्याच्या दुकानातून विकत घ्यावी लागली.

दुकान उघडण्याआधी गावाला विचारावे, ही कल्पनाही त्याच काळातली. १८८९ मध्ये ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानच्या अबकारी धोरणावर टीकेचा ठराव मंजूर झाला. त्यानंतर १८९० मध्ये भारत सरकारने धोरण जाहीर केले, की दुकानाच्या जागेबाबत स्थानिक लोकमत जाणून घ्यावे आणि त्याला वाजवी मान द्यावा. ‘वाजवी’ किती, हे ठरवण्याचे काम अधिकाऱ्याकडेच राहिले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी वादाचा गाभा तोच आहे.

स्वातंत्र्यानंतर एप्रिल १९५० पासून सबंध मुंबई राज्यात दारूबंदी आली. मोरारजी देसाईंनी ती हट्टाने राबवली. त्या वर्षांत खाड्या, तिवरांची दाटी आणि होड्यांची वाट असलेल्या किनारपट्टीवर हातभट्टी फोफावली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० च्या दशकापासून बंदी सैल होत गेली आणि १९७० च्या दशकात आजची परवान्यांची व्यवस्था उभी राहिली.

या व्यवस्थेतल्या पाट्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. बाटलीबंद विदेशी मद्य विकणाऱ्या वाईन शॉपला ‘एफएल-२’ परवाना लागतो, परमिट रूमला ‘एफएल-३’, बिअर शॉपीला ‘एफएल/बीआर-२’ आणि देशी दारूच्या दुकानाला ‘सीएल-३’. सामान्य वाचकाला फारशी माहीत नसलेली गोष्ट अशी, की वाईन शॉप आणि देशी दारू दुकान यांचे नवे परवाने राज्याने सुमारे पन्नास वर्षांपूर्वीच थांबवले. २०२५ च्या पावसाळ्यात ते पुन्हा देण्याची चर्चा निघाली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. मग नव्या वसाहतीत अचानक वाईन शॉप येते कुठून? ते येते स्थलांतराने. जुना परवाना दुसऱ्या पत्त्यावर हलवता येतो. जिथे गिऱ्हाईक कमी झाले तिथून तो उठतो आणि जिथे वस्ती वाढते आहे तिथे जाऊन बसतो. गोठवलेल्या संख्येमुळे जुन्या परवान्याला अफाट मोल आले आहे.

उरणमध्ये वस्ती कुठे वाढते आहे, हे सांगायला नको. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. पाठोपाठ कंटेनर यार्ड, गोदामे, ट्रक टर्मिनल आली आणि देशभरचे चालक-क्लीनर इथे मुक्काम करू लागले. १२ जानेवारी २०२४ रोजी एकाच दिवशी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि उरणपर्यंत लोकल धावू लागली. सिडकोच्या द्रोणागिरी नोडमध्ये इमारती भराभर उभ्या राहत आहेत. परवाना हलवू पाहणाऱ्याच्या नजरेतून हा तालुका म्हणजे वाढती बाजारपेठ आहे. म्हणून इथे लढाई नव्या परवान्यापेक्षा स्थलांतराची आणि बिअर शॉपी-परमिट रूमची असणार, हे ध्यानात ठेवलेले बरे.

परवान्याआधी गावाचा शब्द चालतो तो ग्रामसभेत. ग्रामीण भागात नवा परवाना द्यायचा किंवा जुना तिथे हलवायचा तर ग्रामसभेचा ना हरकत ठराव मागितला जातो. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीतले सगळे मतदार. ग्रामपंचायत सदस्यांची मासिक सभा ही ग्रामसभा नव्हे. नेमका इथेच घोळ होतो. दहा-बारा सदस्यांच्या बैठकीत ‘ना हरकत’ मंजूर करायची आणि ती ग्रामसभेची म्हणून पुढे पाठवायची, किंवा ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर विषय न घेता ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली ठराव घुसवायचा, अशा तक्रारी महाराष्ट्रात जागोजागी होतात. त्यामुळे दुकानाविरुद्ध मोर्चा काढण्याआधी ग्रामसेवकाकडून त्या सभेच्या प्रोसिडिंगची साक्षांकित नक्कल मागणे जास्त कामाचे ठरते. सभेची तारीख, नोटीस किती दिवस आधी निघाली, हजेरीपटावर किती सह्या आहेत, गणपूर्ती झाली होती का, ठरावाचे सूचक-अनुमोदक कोण, हे सारे त्या दोन पानांत दिसते. बनावट किंवा बेकायदा ठरावावर उभा असलेला परवाना वरिष्ठांकडे आणि न्यायालयात टिकवणे अवघड जाते.

आदिवासी अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेची ताकद याहून मोठी आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला दारूविक्रीवर बंदी घालण्याचा किंवा ती नियंत्रित करण्याचा अधिकार दिला. पालघर आणि ठाण्याच्या डोंगराळ तालुक्यांना तो लागू आहे. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे उरणच्या आदिवासी वाड्यांना त्याचा आधार घेता येत नाही.

शहरात तर ग्रामसभाच नाही. उरण नगरपरिषदेच्या हद्दीत किंवा द्रोणागिरीत, जिथे नियोजन प्राधिकरण सिडको आहे, तिथे स्थानिक संस्थेची भूमिका बहुतांशी कागद तपासण्यापुरती उरते: बांधकाम अधिकृत आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, गाळ्याचा वापर वाणिज्य आहे का. ‘या वस्तीत दुकान नको’ असा ठराव नगरपरिषदेने केला तरी तो जिल्हाधिकाऱ्यांपुढे एक मत म्हणून जातो, आदेश म्हणून नाही. या उणिवेवर अलीकडे एक ठिगळ लागले. मार्च २०२५ मध्ये त्या वेळचे उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केले, की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारातील गाळ्यात नवी बिअर शॉपी किंवा विदेशी मद्याचे दुकान सुरू करायचे तर त्या सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र बंधनकारक राहील. द्रोणागिरीतल्या नोंदणीकृत सोसायट्यांना याचा उपयोग आहे. उरणच्या जुन्या बाजारपेठेतल्या आळ्यांत मात्र घरे स्वतंत्र मालकीची आहेत, सोसायटी नाही, म्हणून प्रमाणपत्र मागायचे तरी कोणाकडे, हा प्रश्न उरतोच.

अंतराचा नियम शहरालाही लागू आहे आणि गावालाही. शाळा, प्रार्थनास्थळ, एसटी स्थानक यांच्यापासून ७५ मीटरच्या आत परमिट रूमला परवाना देऊ नये, असे विदेशी मद्य नियमांत आहे. महामार्गाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी मोठा निर्णय दिला. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत १ एप्रिल २०१७ पासून दारू विकायची नाही, असा तो आदेश होता. पुढे ३१ मार्च २०१७ रोजी २०,००० किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांसाठी हे अंतर २२० मीटर झाले. पळस्पे-न्हावा शेवा महामार्गालगतच्या लहान ग्रामपंचायतींना हे दुसरे माप लागू पडत होते. उरण शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३० हजारांच्या आसपास असल्याने तिथे पहिले. पण जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने नगरपालिका हद्दीतली परवानाधारक दुकाने या बंदीतून मोकळी केली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायत क्षेत्रांबाबत ठरवण्याची मुभा राज्यांना दिली. अपघात टाळण्यासाठी घेतलेला कठोर निर्णय वर्ष-सव्वा वर्षात पातळ झाला. रात्रंदिवस ट्रेलर धावणाऱ्या रस्त्यालगतच्या तालुक्यासाठी ही दुःखाचीच गोष्ट म्हणावी लागेल.

परवान्यानंतरचा शब्द हा महाराष्ट्राने लोकांना दिलेला खरा अधिकार आहे. लोक त्याला ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणून ओळखतात. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या किंवा शहरातल्या प्रभागातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी लेखी मागणी केली, तर चालू दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेतले जाते. आधी सह्यांची पडताळणी होते. अर्जावरची प्रत्येक सही किंवा अंगठा मतदारयादीतल्या नावाशी जुळवून पाहतात आणि सही करणारीला विचारतात, ही सही तुमचीच का. हा टप्पा सर्वांत नाजूक असतो. दुकानदाराची माणसे घरोघर फिरतात, नवऱ्यावर दबाव येतो, उसनवारीची आठवण करून दिली जाते, आणि पडताळणीच्या दिवशी काही बायका ‘सही माझी नाही’ म्हणतात. म्हणून अनुभवी कार्यकर्त्या २५ टक्क्यांवर कधी थांबत नाहीत, चाळीसपर्यंत सह्या गोळा करतात. मग मतदानाची तारीख लागते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: एक बाटली उभी, एक आडवी. उभी म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी म्हणजे बंद व्हावे. वाचता न येणाऱ्या आजीलाही हा प्रश्न क्षणात समजतो, आणि गुप्त मतदान असल्यामुळे घरी मार खाणारी बाईही निर्भयपणे शिक्का मारू शकते.

या चांगल्या कायद्यात एक मोठी खोट आहे. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या ५० टक्क्यांहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा, गावात १,००० महिला मतदार आहेत. मतदानाला ६०० आल्या, त्यातल्या ४५० जणींनी आडवी बाटली निवडली आणि १५० जणींनी उभी. तिपटीने कौल बंदीच्या बाजूने पडला, तरी दुकान चालूच राहते, कारण ५०१ चा आकडा गाठला गेला नाही. जी बाई आलीच नाही, जी लग्न होऊन सासरी गेली, जी वारली पण जिचे नाव कमी झाले नाही, त्या सगळ्यांचे मत उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होते. आमदार-खासदार निवडताना अशी अट नसते. मग गावातले एक दुकान हटवताना ती का असावी, याला पटेल असे उत्तर नाही. उरणसारख्या तालुक्यात तर ही अट आणखी जाचते. इथले तरुण कामासाठी नवी मुंबई-मुंबईत असतात, आणि नव्या इमारतींत राहायला आलेल्या अनेकांची नावे अजून मूळ गावाच्या यादीत असतात. दुकानाचा त्रास ज्यांना होतो ते यादीत नाहीत, आणि यादीत आहेत ते गावात नाहीत.

मतदानाने दुकान बंद झाले, तर गावात हातभट्टी सुरू होईल, हा दुकानदारांचा नेहमीचा युक्तिवाद. तो धुडकावून लावण्यासारखा नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. स्वस्त, बेकायदा दारू गरिबांचाच जीव घेते. पण यावरून निष्कर्ष निघतो तो पोलिसांनी आणि उत्पादन शुल्क खात्याने भट्ट्या मोडाव्यात असा. कायदेशीर दुकान लोकांच्या इच्छेविरुद्ध चालू ठेवावे, असा नव्हे. सबंध जिल्ह्याची बंदी हा आणखी वेगळा विषय. वर्धा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत ती राज्याच्या निर्णयाने आली, आणि चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये राज्याच्याच निर्णयाने उठली. वरून दिलेले वरून काढूनही घेता येते. गावाने मतदानातून मिळवलेला निर्णय त्या मानाने अधिक मुळाचा असतो.

किराणा दुकानात दारू विकण्याचा प्रश्न महाराष्ट्रात आला तो वाईनच्या निमित्ताने. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केट आणि मोठ्या दुकानांत वाईन विकण्यास मान्यता दिली. दुकान किमान १०० चौरस मीटरचे हवे, वाईन २.२५ घनमीटरच्या कुलूपबंद कपाटात ठेवायची आणि वर्षाचे शुल्क ५,००० रुपये. दीड मीटर रुंद, दीड मीटर उंच आणि एक मीटर खोल असे कपाट डोळ्यांपुढे आणले की हा आकार कळतो. शाळा-मंदिरांजवळची दुकाने आणि बंदी असलेले जिल्हे यातून वगळले होते. द्राक्ष आणि इतर फळे पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना बाजार मिळेल, असे सरकारचे म्हणणे होते. उरणच्या बाजारपेठेतल्या नेहमीच्या किराणा दुकानाला १०० चौरस मीटर जागा कुठली असणार? त्यामुळे हा परवाना द्रोणागिरीतल्या मोठ्या दुकानांपर्यंतच पोहोचला असता. तरी विरोध मोठा झाला. अण्णा हजारे यांनी १४ फेब्रुवारीपासून उपोषणाचा इशारा दिला आणि जनतेचे मत मागवण्याचे आश्वासन मिळाल्यावर तो मागे घेतला. नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला, जून २०२२ मध्ये सरकार बदलले आणि विषय बाजूला पडला. वाईन म्हणजे दारू नव्हे, असे त्या वादात पुन्हा पुन्हा सांगितले गेले. १९४९ च्या कायद्याची व्याख्या मात्र मद्यात वाईन, बिअर आणि ताडी यांची नावे घेऊनच समावेश करते. तांदूळ-साखर घ्यायला गेलेल्या मुलांसमोर हे कपाट असावे का, हा प्रश्न द्राक्षांच्या भावाने सुटत नाही.

महाराष्ट्राच्या उलट, इंग्लंड आणि वेल्समध्ये कोपऱ्यावरच्या दुकानाला दारू विकायची असेल तर निर्णय स्थानिक कौन्सिल घेते. २००३ च्या लायसन्सिंग कायद्याने हे काम दंडाधिकाऱ्यांकडून काढून कौन्सिलकडे दिले आणि नोव्हेंबर २००५ पासून ते अमलात आले. अर्जदाराला फिकट निळ्या कागदावरची सूचना दुकानाबाहेर सलग २८ दिवस लावावी लागते. त्या मुदतीत कोणीही रहिवासी हरकत घेऊ शकतो, आणि हरकत आली तर नगरसेवकांची समिती उघड सुनावणी घेते. कौन्सिलला मनाला येईल तसे नाकारता येत नाही. गुन्हेगारी रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव टाळणे आणि मुलांचे संरक्षण या चार उद्देशांवरच निर्णय बेतावा लागतो. यातली निळी सूचना महाराष्ट्राने जरूर उचलावी अशी आहे. आपल्या शहरांत रहिवाशांना दुकानाची खबर बहुधा गाळ्यात फर्निचरचे काम सुरू झाल्यावर लागते. तोवर परवानाधारकाचे लाखो रुपये गुंतलेले असतात आणि प्रशासनही मागे फिरायला तयार नसते.

राज्याला या खात्यातून मिळणारा पैसा मोठा आहे. जून २०२५ मध्ये मद्यावरील शुल्क वाढवले, तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांची जादा भर पडेल असा शासनाचा अंदाज होता. हा महसूल राज्याच्या तिजोरीत जातो. रस्त्यावरच्या बाटल्या उचलण्याचा, रात्रीच्या भांडणांचा आणि शाळेच्या वाटेवरच्या त्रासाचा भार मात्र नगरपरिषद, ग्रामपंचायत आणि तिथल्या बायका उचलतात. ज्याच्यावर भार आहे त्याला निर्णयात जागा मिळणे हा न्याय आहे. तो मिळवायचा तर २००८ च्या आदेशातली अट बदलून झालेल्या मतदानाचे बहुमत मानले पाहिजे आणि शहरातल्या प्रभागालाही परवान्याआधी विचारले पाहिजे.

तोवर उरणकरांनी आहे तो कायदा नीट वापरावा. हरकत तोंडी न देता लेखी द्यावी, ती अलिबागला अधीक्षक आणि जिल्हाधिकारी दोघांच्या नावे पाठवून पोच घ्यावी, अंतराचा मुद्दा असेल तर मोजणी मागावी, ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल जोडावी. आणि आडव्या बाटलीचे मतदान लागलेच, तर त्याआधी मतदारयादीतली मयत आणि स्थलांतरित नावे कमी करून घ्यावीत, कारण त्यातले प्रत्येक नाव दुकानाच्या बाजूने मोजले जाते.